नवीन गाडीचं कोटेशन कसं वाचायचं? डीलरशी भाव करण्याआधी मोबाईलवर तपासून घ्या या गोष्टी

मोबाईल घेताना आपण चार वेबसाईटवर किंमत बघतो, सेलची वाट बघतो, बँक ऑफर शोधतो. पण आठ-दहा लाखांची गाडी घेताना मात्र शोरूममध्ये एसीत बसून, चहा पिऊन, सेल्समनने फिरवलेल्या कागदावर सही करून येतो. मीही तेच करणार होतो, थोडक्यात वाचलो.

मी पनवेल तालुक्यातल्या गव्हाणचा. अटल सेतू झाला, बाजूला विमानतळ आलं, आणि आमच्या पट्ट्यात ज्याच्या-त्याच्या दारात गाडी दिसायला लागली. गेल्या वर्षी बाबांनीही ठरवलं. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी कमी झाला, त्याच दिवशी घटस्थापना होती, आणि बाबांचं एकच म्हणणं होतं, "गारी घ्यायची तं दसऱ्यालाच घ्यायची." दसरा २ ऑक्टोबरला होता. म्हणजे हातात दहा दिवस. सेल्समनला आणखी काय पाहिजे?

आम्ही बघितली ती चार मीटरच्या आतली, ११९७ सीसीची पेट्रोल हॅचबॅक. पहिल्या शोरूममध्ये आमच्या हातात पडलेलं कोटेशन असं होतं: एक्स-शोरूम ८,४०,०००, आरटीओ १,०४,५००, इन्शुरन्स ४६,८००, हँडलिंग ७,५००, अ‍ॅक्सेसरी किट १८,९००, फास्टॅग ६००. त्यातून कन्झ्युमर ऑफर १०,००० वजा. एकूण ऑन-रोड १०,०८,३००. आणि खाली लाल अक्षरात "तुमची बचत ७८,०००".

या लेखात हेच कोटेशन एकेक ओळ घेऊन बघू. कारण गाडीचा भाव "एकूण किती कमी करता?" असं विचारून होत नाही, तो ओळीवार होतो.

ती ७८ हजारांची "बचत" कुठून आली?

सोपं आहे. छोट्या पेट्रोल गाडीवर (लांबी ४ मीटरपर्यंत, इंजिन १२०० सीसीपर्यंत) पूर्वी २८ टक्के जीएसटी आणि वर १ टक्का सेस होता, म्हणजे एकूण २९. आता सरळ १८ टक्के. डिझेलला इंजिनाची मर्यादा १५०० सीसी आहे. त्याहून मोठ्या गाड्या ४० टक्क्यांत गेल्या, सेस रद्द झाला. इलेक्ट्रिकला आधीपासून ५ टक्केच आहे.

आमची ८,४०,००० ची गाडी जुन्या कराने ९ लाख १८ हजारांच्या घरात गेली असती. तो फरक ७८ हजार. पण तो सरकारने सोडलेला कर आहे, डीलरने स्वतःच्या खिशातून काही दिलेलं नाही. कोटेशनमध्ये तो "बचत" म्हणून छापला की आपण वर आणखी काही मागायला लाजतो. तिथेच आपण अर्धे हरतो.

आरटीओची ओळ: इथे कॅल्क्युलेटर काढा

महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला एकरकमी कर असा आहे: १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाख १२ टक्के, त्यावर १३ टक्के. डिझेलला हेच आकडे १३, १४, १५. सीएनजीला पूर्वी ७ ते ९ टक्के होता, १ जुलै २०२५ पासून एकेक टक्का वाढून ८ ते १० झाला. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर थेट २० टक्के, त्यामुळे काकाच्या फर्मच्या नावावर घेऊन "कर वाचवू" म्हणणाऱ्याचं आधी हे गणित करून बघा.

आमच्या गाडीचा कर ८,४०,००० चे ११ टक्के, म्हणजे ९२,४००. नोंदणी फी ६००. गाडी कर्जावर असेल तर आरसीवर बँकेचा बोजा चढवण्याचे १,५००. स्मार्ट कार्डचे २००. झाले ९४,७००. त्यावर उपकर आणि टपाल वगैरे धरलं तरी दोन हजारांच्या आत. म्हणजे ९६,६०० च्या आसपास विषय संपतो. कोटेशनमध्ये १,०४,५०० होते!

मी विचारलं तर सेल्समन म्हणाला, "दादा, पनवेल आरटीओचा खर्च असतो थोडा." मी म्हटलं, जेवढ्याची सरकारी पावती निघेल तेवढे पैसे देतो. तो आत जाऊन आला आणि ओळ बदलली. भांडण नाही, आवाज नाही. कर ऑनलाइन भरला जातो आणि त्याची पावती निघतेच, त्यामुळे या ओळीत लपवायला फारशी जागा नसते. फक्त आपण विचारत नाही.

नंबरप्लेटचे वेगळे पैसे लावले असतील तर तेही विचारा. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबरप्लेट कंपनीनेच द्यायची असते, तिची किंमत गाडीच्या किमतीतच धरलेली असते.

आणि टीसीएस. १० लाखांवरच्या गाडीवर डीलर १ टक्का टीसीएस घेतो. हा गाडीच्या बिलावर आहे, ऑन-रोड रकमेवर नाही. आमची ऑन-रोड १० लाखांच्या वर जात होती म्हणून एका दुसऱ्या शोरूमने तो लावायचा प्रयत्न केला होता. तुमची गाडी खरंच १० लाखांच्या वरची असेल तर भरा, पण रिटर्न भरताना तो तुमच्या करातून वळता होतो किंवा परत मिळतो. कित्येक जण तो विसरूनच जातात.

इन्शुरन्स: सगळ्यात जाड ओळ हीच

नव्या कारला थर्ड पार्टी विमा ३ वर्षांचा घ्यावाच लागतो. त्याचा दर सरकार ठरवतं, सगळ्या कंपन्यांचा एकच. १००० सीसीपर्यंत ६,५२१, १००० ते १५०० सीसी १०,६४० आणि त्यावर २४,५९६ रुपये. वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे आमच्या ४६,८०० पैकी १२,५५५ रुपये कुणीही कमी करू शकत नव्हतं. उरलेले ३४ हजार मात्र पूर्णपणे बोलण्याचे होते. यात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा आणि झिरो डेपसारखे अ‍ॅड-ऑन येतात. नुकसानीचा हा विमा १ वर्षाचा घेतला तरी चालतो.

"इन्शुरन्स आमच्याकडूनच घ्यावा लागेल, नाहीतर कॅशलेस होणार नाही." हे वाक्य तुम्ही ऐकणारच. विमा कुणाकडून घ्यायचा हे ठरवायचा हक्क गाडीमालकाचा आहे. विमा नियामकाच्या नियमांनुसार डीलर सक्ती करू शकत नाही. कॅशलेस होणं न होणं हे त्या विमा कंपनीचं त्या वर्कशॉपशी जोडलेलं नेटवर्क आहे का यावर असतं, आणि ती यादी कंपनीच्या वेबसाईटवर दोन मिनिटांत बघता येते.

मी शोरूममध्ये बसल्या-बसल्याच मोबाईलवर तीन कंपन्यांचे दर काढले. इथे एक चूक मी केली, तुम्ही करू नका: पहिला दर फारच स्वस्त दिसला म्हणून मी खूश झालो, पण त्यात आयडीव्ही, म्हणजे गाडी चोरीला गेली तर मिळणारी रक्कम, सात लाखांवर ओढून ठेवली होती. नव्या गाडीची आयडीव्ही साधारण किमतीच्या ९५ टक्के असते. आमच्या गाडीला ७,९८,०००. ती सारखी ठेवून, झिरो डेप धरून पुन्हा बघितलं तेव्हा ३५,९०० चा दर मिळाला. तो स्क्रीनशॉट मॅनेजरला दाखवला. ४६,८०० चे ३७,२०० झाले. तेराशे रुपयांसाठी मी ताणलं नाही, पुढे क्लेमच्या वेळी त्याच वर्कशॉपला जायचं होतं.

हँडलिंग आणि अ‍ॅक्सेसरी

हँडलिंग चार्ज ना आरटीओला जातो ना सरकारला. गाडी फॅक्टरीतून शोरूमला आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीत असतोच. "हा कोणत्या नियमाखाली आहे, पावतीवर लिहून द्याल का?" एवढं विचारायचं. आमचे ७,५०० असेच गेले.

किट घेणं बंधनकारक नाही. १८,९०० च्या किटमध्ये क्रोमच्या पट्ट्या होत्या, उशा होत्या, एअर फ्रेशनर होता. आम्हाला मॅट आणि मडफ्लॅप हवे होते, ते ४,३०० ला घेतले. सीट कव्हर बाहेरून. पण एअरबॅग सीटमध्ये असतील तर कव्हर बघून घ्या, आणि वायर कापून बसवायच्या वस्तू बाहेर लावल्या तर वॉरंटीचा वाद होतो, त्या डीलरकडूनच लावा.

मग "डिस्काउंट" किती मिळतो?

खरं सांगू? मित्र म्हणतात तेवढा नाही. २०१७ मध्ये मारुती सुझुकीच्या एका डीलरने नाव न सांगता स्पर्धा आयोगाला ईमेल केला. मुंबई सोडून उरलेल्या महाराष्ट्रातल्या विभागात कंपनी ठरवून देते त्यापेक्षा जास्त सूट द्यायला डीलरला परवानगी नाही, अशी तक्रार होती. चौकशीत समोर आलं की डीलरने जास्त सूट दिली का हे बघायला कंपनी खोटे ग्राहक पाठवत असे, आणि सापडला तर डीलरशिपला आणि शोरूमच्या माणसांनाही दंड होत असे. २३ ऑगस्ट २०२१ ला आयोगाने कंपनीला २०० कोटींचा दंड ठोठावला. कंपनी त्यावर अपिलात गेली.

आपल्यासाठी यातलं कामाचं एवढंच: समोर बसलेला सेल्समन "सर, माझ्या हातात नाही" म्हणतो तेव्हा तो दर वेळी खोटं बोलत नसतो. रोख सुटीवर अर्धा तास घालवण्यापेक्षा वरच्या चार ओळींवर घालवा. रोख सूट वाढते ती मुख्यतः दोन कारणांनी. एक, महिनाअखेर टार्गेट अडलेलं असतं. दोन, त्याच कंपनीच्या दुसऱ्या डीलरचं कोटेशन तुमच्याकडे असतं. आपल्याकडे पनवेल, खारघर, नेरूळ, वाशी असे पर्याय हाताशी आहेत. एक्स-शोरूम आणि कर राज्यात सारखाच, त्यामुळे दोन कोटेशनमधला फरक हा डीलरचा स्वतःचा असतो. कोटेशन व्हॉट्सअ‍ॅपवर, ओळीवार मागा. "शोरूमला या, बसून बोलू" म्हणणारा डीलर यादीत शेवटी ठेवा.

डिसेंबरमध्ये सूट मोठी दिसते, कारण जानेवारीत ती गाडी "मागच्या वर्षीची" होते. घ्यायला हरकत नाही, पण आरसीवर उत्पादनाचा महिना-वर्ष असतो आणि विकताना गिऱ्हाईक तोच बघतं. पाच-सहा वर्षांत विकणार असाल तर ती सूट तुम्हीच पुढे परत देणार आहात.

कर्जाचं थोडक्यात: सात लाख, सात वर्षं, ९ ऐवजी १० टक्के व्याज लागलं तर एकूण सुमारे ३०,००० रुपये जास्त जातात. आणि ते कोटेशनच्या एकाही ओळीत दिसत नाहीत. आधी आपल्या बँकेत दर विचारून मग शोरूमच्या फायनान्सवाल्यासमोर बसा.

बुकिंगचे पैसे

माझ्या एका मित्राने २१,००० बुकिंग सेल्समनच्या स्वतःच्या यूपीआयवर टाकले. गाडी रद्द केली तेव्हा तो सेल्समन नोकरी सोडून गेलेला, शोरूम म्हणे आमच्याकडे नोंदच नाही. पैसे मिळाले नाहीत. पैसे डीलरशिपच्या खात्यावरच टाका, पावती घ्या, आणि रद्द केल्यास किती कापणार हे लिहून घ्या. अडलंच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे, मराठीतही बोलता येतं.

आमचं पुढे काय झालं? दसऱ्याला गाडी आली नाही. सेल्समनने बाबांना तीनदा फोन केला, "काका, आज बुक केली तरच दसऱ्याला मिळेल." बाबा माझ्यावर दोन दिवस रागावले, गावात चार जणांच्या गाड्यांना हार पडले ते बघून जास्तच. मी महिनाअखेरीची वाट बघितली. दुसऱ्या डीलरचं कोटेशन दाखवल्यावर ऑफर १०,००० वरून १५,००० झाली. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात तीच गाडी, तोच रंग, ९,६३,७०० ला मिळाली. पहिल्या कागदापेक्षा ४४,६०० कमी. त्यातले डिस्काउंटचे फक्त ५,०००, बाकी सगळे आरटीओ, विमा, हँडलिंग आणि किटच्या ओळींमधले.

डिलिव्हरीच्या आधी चासिस नंबर बिलाशी, विम्याच्या पॉलिसीशी जुळवून घ्या आणि काचांवरच्या तारखा, ओडोमीटर, टायर दिवसाउजेडी बघा. आम्ही संध्याकाळी सातला गेलो होतो, मागच्या बंपरवरचा ओरखडा बाबांना दुसऱ्या दिवशी गव्हाणला दारात दिसला. तो पॉलिश करून घ्यायला मला अजून दोन फेऱ्या माराव्या लागल्या.