स्वार आणि कारागीर

एखाद्या यंत्राचा इतिहास लिहितांना आपण शोधकाचें नांव व शोधाचें साल नोंदवून मोकळे होतों. तें यंत्र ज्यांनीं रोज वापरलें, ज्यांचे हात त्यानें सोलवटले, त्यांचा त्या इतिहासांत वांटा किती, हा प्रश्न आपल्या मनांत सहसा येत नाहीं. शर्यतीच्या सायकलीची हकीकत वाचतांना मात्र आम्हांस तो टाळतां आला नाहीं.

१९१३ सालीं फ्रान्सची प्रसिद्ध प्रदक्षिणा-शर्यत, 'तूर द फ्रान्स', पिरेनीज पर्वतांत शिरली असतां यूजेन क्रिस्तोफ याच्या सायकलीचा पुढचें चाक धरणारा चिमटा तुर्माले घाटाच्या उतारावर मोडला. दुसऱ्याची मदत घेणें नियमाबाहेर. तेव्हां सायकल खांद्यावर टाकून तो कित्येक मैल चालत खालच्या गांवीं आला आणि लोहाराच्या भट्टीवर त्यानें स्वतःच्या हातांनीं चिमटा जोडला. पंच शेजारीं उभे राहून पाहत होते. दोन्ही हात कामांत गुंतल्यामुळें भाता एका पोराकडून हालवून घेतला, एवढ्यासाठीं क्रिस्तोफला वेळेचा दंड झाला!

हा नियम नुसता क्रूर म्हणून सोडून देणें बरोबर होणार नाहीं. शर्यतीचा संस्थापक आंरी देग्रांज याची त्यामागें एक निश्चित दृष्टि होती. शर्यत मनुष्याची आहे, यंत्राची नव्हे. यंत्रानें श्रम हलके केले तर मनुष्याची परीक्षा ती काय राहिली, असा त्याचा प्रश्न होता. शिवाय हा गृहस्थ नुसता लेखणीबहाद्दर नव्हता. १८९३ सालीं पॅरिस येथें एका तासांत ३५.३२५ किलोमीटर अंतर तोडून तासाचा पहिला अधिकृत विक्रम त्यानेंच केला होता. अशा मनुष्याचें मत सहज झिडकारतां येत नाहीं.

परंतु ह्या मताचा परिणाम काय झाला तो पाहावा. त्या काळीं शर्यतीच्या सायकलीच्या मागील चाकास दोन्ही अंगांना निरनिराळ्या आकाराचीं दातेरी चक्रें असत, एक सपाटीसाठीं, एक चढासाठीं. घाटाच्या पायथ्याशीं स्वारानें खालीं उतरावें, नट सैल करून चाक काढावें, तें उलटें करून बसवावें आणि मग चढूं लागावें. माथ्यावर पुन्हां तोच खटाटोप. वास्तविक चालत्या सायकलीवर गति पालटणारे गिअर तेव्हां अज्ञात नव्हते. सेंत एतिएन येथील पोल द विवी, ज्याला लोक 'वेलोसिओ' ह्या टोपणनांवानें ओळखत, आपल्या मासिकांतून त्यांचा आग्रहानें पुरस्कार करीत होता. १९०२ सालच्या एका डोंगरी चाचणींत मार्त एस ह्या बाईनें तीन गिअरांच्या सायकलीवरून एका नामांकित स्वारास मागें टाकलें. त्यावर देग्रांजचा अभिप्राय असा कीं, असलीं साधनें पंचेचाळिशी उलटलेल्या मंडळींना शोभतील. आम्ही ती मर्यादा केव्हांच ओलांडली असल्यामुळें ह्या सवलतीबद्दल त्याचे आभारीच आहों. परंतु तरुण स्वारांनीं काय पाप केलें होतें?

उत्तर शोधलें तें त्या स्वारांनींच. इटलींतील व्हिचेन्झा गांवचा तुल्लिओ कांपान्योलो हा लोखंडी सामानाच्या दुकानदाराचा मुलगा आणि हौशी शर्यतपटु. १९२७ च्या नोव्हेंबरांत क्रोचे दाउने खिंडींत बर्फ पडत असतां चाक उलटण्यासाठीं तो उतरला, पण थंडीनें बोटें इतकीं बधिर झालीं होतीं कीं दोन कानांचे ते नट कांहीं केल्या फिरेनात, आणि शर्यत हातची गेली, अशी कथा आहे. तिच्या तपशिलांविषयीं संशोधकांनीं शंका घेतल्या आहेत. तथापि पुढील काम कल्पित नाहीं. चाकाचा आंस पोकळ करून त्यांतून एक सळई ओंवावी व तिच्या टोंकास एक दांडी बसवावी. दांडी एका बाजूस फिरवितांच चाक सुटावें, दुसऱ्या बाजूस फिरवितांच घट्ट बसावें. हें साधन इतकें साधें कीं तें आधीं कोणास कसें सुचलें नाहीं याचें नवल वाटतें. १९३३ सालीं कांपान्योलोनें आपला कारखाना काढला.

असें हें एकच उदाहरण नाहीं. देग्रांजच्या नियमानें सायकलीस लांकडी रिम सक्तीची होती. ब्रेकच्या उष्णतेनें धातु तापून टायरचा डिंक वितळेल ही त्याची भीति. १९३४ सालीं आंतोनॅं माञ यानें एका फ्रेंच कारखान्यानें बनविलेली हलक्या मिश्रधातूची रिम लांकडासारखी रंगवून शर्यतींत चालविली आणि ती शर्यत जिंकली, असें सांगतात. पुढें ऑस्कर एग ह्या स्विस वीराचीच गोष्ट घ्या. १९१४ सालीं त्यानें तासाला ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम केला, तो १९३३ पर्यंत टिकला. आणि त्याच मनुष्यानें पुढें गिअर बनविण्याचा धंदा काढला. १९३६ सालीं देग्रांज आजारीपणामुळें बाजूस झाला, १९३७ सालीं शर्यतींत गिअरांस मोकळीक मिळाली, आणि त्या वर्षीं रोजे लापेबी गिअरांच्या सायकलीवर विजयी झाला.

त्यानंतर परीक्षा संपली काय? १९४८ सालीं जीनो बार्तालीनें कांपान्योलोच्या ज्या यंत्रावर ही शर्यत जिंकली, त्यांत गिअर पालटण्यासाठीं धांवत्या सायकलीवरून हात मागें नेऊन एका दांडीनें चाकाची पकड सैल करावी लागे. मग पेडल उलटें फिरवीत दुसऱ्या दांडीनें साखळी सरकवावयाची आणि चाक पुन्हां आंवळावयाचें. ह्यांत कौशल्य किंवा धैर्य कमी लागत होतें असें कोण म्हणेल? यंत्र सुधारलें म्हणून मनुष्याची कसोटी नाहींशी झाली नाहीं. ती थिजलेल्या बोटांवरून काढून योग्य जागीं नेली गेली, एवढेंच. देग्रांजची चूक झाली ती आमच्या मतें येथेंच. कष्ट आणि पराक्रम यांत त्यानें भेद केला नाहीं.

आमच्या सुशिक्षित वर्गांत लेखणी धरणाऱ्या हाताची आणि पाना धरणाऱ्या हाताची भेट क्वचितच होते. आम्ही स्वतः तीस वर्षें वर्गांत पदार्थांचे धर्म ऐकिले आणि ऐकविले, पण घरच्या सायकलीची साखळी उतरली कीं कोंपऱ्यावरच्या दुकानदाराकडे धांव घेतों. अडचण ज्याला सोसावी लागते त्याचें म्हणणें ऐकण्याची संवय आपणांस नाहीं; आणि सोसणाऱ्यालाही आपल्या सोसण्यांत कांहीं ज्ञान आहे हें कोणीं सांगितलेलें नसतें.

२०२२ सालीं डॅन बिगम ह्या इंग्रज सायकलपटूनें स्वित्झर्लंडमधील ग्रेन्शेन येथें तासाला ५५.५४८ किलोमीटरचा विक्रम केला. हा गृहस्थ पेशानें अभियंता. आपल्याच संघाच्या सायकली अधिक वेगवान कशा होतील हें पाहणें त्याचें काम होतें. पन्नास दिवसांनीं त्याच संघाच्या फिलिप्पो गान्नानें त्याच ठिकाणीं ५६.७९२ किलोमीटर तोडून तो विक्रम मोडला, आणि त्या तयारींत बिगमचा हात होता. आपलाच विक्रम मोडावयास दुसऱ्यास साह्य करणारा हा मनुष्य स्वार म्हणावा कीं कारागीर? क्रिस्तोफच्या भट्टीशेजारीं उभ्या असलेल्या पंचांना हा प्रश्न विचारतां आला असता तर बरें झालें असतें.