एकट्याचे पुरण

मराठी माणूस नोकरीनिमित्त दूर गेला, तेव्हा देव्हाऱ्यातील देव त्याच्याबरोबर गेले. आईच्या हातची चव मात्र मागेच राहिली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ साली छापले गेले आणि मराठी पाककृतींना ग्रंथाचा आधार लाभला. तथापि एकट्या राहणाऱ्यास खरा धीर दिला तो कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकात मापे होती वाटी-चमच्यांची. त्यामुळे गृहिणींचा पिढीजात 'अंदाज' नवख्याच्याही हाती आला.

१९९४ च्या होळीस आम्ही मुनिरका गावातील भाड्याच्या खोलीत एकटेच होतो. मातोश्रींनी ट्रंकेत घातलेल्या 'रुचिरा'च्या समासात त्यांच्या अक्षरात 'कट फेकू नये' एवढेच लिहिलेले होते. वाटीभर हरभऱ्याची डाळ शिजवली, वाटीभर गूळ घातला आणि पुरणयंत्राअभावी पुरण चाळणीवर घासून काढले. पहिल्या दोन पोळ्या तव्यावरच फाटल्या. कटाची आमटी मात्र साधली.

केवळ स्वतःसाठी रांधणारे पापच खातात, असे गीतेच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे. म्हणून नैवेद्य दाखवून एक धड पोळी घरमालकिणीकडे नेली. त्या माउलीने ताटली गुजियांनी भरून परत केली, आणि आमचा सण एकट्याचा राहिला नाही.

आज मातोश्री नाहीत. दिल्लीतील आमच्या घरी कट अद्याप कोणी फेकत नाही.