फर्दापूरचा रस्ता आणि राहदारीचा कागद

फर्दापूर हे गाव अजिंठ्याच्या घाटाच्या उत्तर पायथ्याशी वसले आहे. लेणी पाहावयास जाणाऱ्या प्रवाशाला ते एक विसाव्याचे ठिकाण म्हणून परिचित असते. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र ते प्रथम एका रस्त्यावरचे ठाणे म्हणून परिचित असावयास हवे. उत्तरेकडून बऱ्हाणपूर व खानदेश, दक्षिणेकडून औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) व दौलताबाद, आणि मध्ये हा एक घाट, अशी ही रचना आहे. औरंगजेबाच्या काळची म्हणून ओळखली जाणारी येथील विस्तीर्ण सराई काफिल्यांच्या मुक्कामासाठी होती. जेथे काफिला मुक्काम करतो तेथे त्याची मोजदाद करणे सोपे असते, आणि जेथे मोजदाद सोपी तेथे राज्यसत्तेचा कारकून आलाच.

प्रस्तुत लेखाचा विषय या कारकुनाच्या हातातील कागद हा आहे. वाहतुकीवरील कागदपत्रांचा जाच कमी व्हावा म्हणून राज्यकर्त्यांनी वेळोवेळी जे फेरविचार केले, त्यांतील काहींचा परामर्श फर्दापूरच्या रस्त्यावर उभे राहून घ्यावयाचा आहे. असा परामर्श घेण्याचे कारण केवळ प्रशासनाच्या इतिहासाचे कुतूहल नव्हे. मार्गावरील व्यापाराविषयी आपली जी विधाने असतात, ती बव्हंशी तो व्यापार जेथे अडविला गेला तेथील कागदांवर आधारलेली असतात. नाका उठला की आकडाही उठतो. आणि आकडा उठला म्हणजे व्यापार उठला, असे समजण्याचा मोह अभ्यासकास आवरत नाही. हा मोह कोठे व कसा उत्पन्न होतो हे पाहणे, हा या लेखाचा खरा हेतू होय.

‘राहदारी’ हा शब्दच या दृष्टीने बोलका आहे. मराठी कागदांत तो दोन अर्थांनी येतो: वाटेवर घ्यावयाचा कर, आणि वाटेने जाऊ देण्याचा परवाना. कर आणि त्याची पावती यांना एकच नाव असावे हे आकस्मिक नाही. चौकीवरील माणसाच्या दृष्टीने दोन्ही एकच होती. कर भरला तरी कागद दाखविल्याशिवाय गोणी पुढे जात नसे, आणि कर माफ असला तरी माफीचे दस्तक दाखवावेच लागे. म्हणजे माफी हीदेखील एक कागदच होती. जकातीतून सूट मिळालेला मनुष्य थांबण्यातून सुटत नसे, ही गोष्ट पुढील सर्व काळासाठी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

औरंगजेबाने राज्यारोहणानंतर लवकरच, १६५९ च्या सुमारास, राहदारी व तत्सम अनेक कर रद्द केले. धान्याची महागाई हे त्याचे तात्कालिक कारण होते. परंतु खाफीखानाने पुढे स्पष्टच नमूद केले आहे की या मनाईचा बहुतेक ठिकाणी परिणाम झाला नाही. फौजदार व जहागीरदार आपापल्या हद्दीत वसुली करीतच राहिले. खाफीखानाचा स्वतःचा दख्खनच्या कारभाराशी संबंध होता, म्हणून त्याच्या या साक्षीस विशेष वजन आहे. येथे घडले ते असे: बादशाही दफ्तरातून कर गेला, पण चौकी गेली नाही, आणि चौकीची वसुली बेकायदेशीर ठरल्यामुळे तिचा हिशेब मात्र वर जाईनासा झाला. वाटसरूला पूर्वीइतकेच, क्वचित अधिकही, द्यावे लागले आणि इतिहासाला पूर्वीपेक्षा कमी मिळाले. मोगलांच्या दख्खनी दफ्तराचा जो मोठा संग्रह हैदराबादेस जतन झाला आहे, त्यात शिपाई व घोडे यांच्या चेहरेपट्टीचे आणि हजेरीचे कागद विपुल आहेत. फौजेतील घोड्याच्या अंगावरील खुणा आपल्याला ठाऊक असाव्यात आणि घाट चढणाऱ्या बैलावर काय लादले होते हे ठाऊक नसावे, याचे नवल वाटू नये. दफ्तर ठेवणाऱ्यास ज्याचा पगार द्यावयाचा होता त्याचीच त्याने नोंद ठेवली.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फर्दापूरचे स्थान पालटले. १८०२ च्या व्यापारी तहाने कंपनी सरकार व निजाम यांनी एकमेकांच्या मुलखातील माल मोकळेपणाने जाऊ द्यावा, वाटेवरील राहदारी बंद करावी आणि शेकडा पाचांहून अधिक जकात घेऊ नये, असे ठरविले. १८१८ मध्ये पेशवाई बुडून खानदेश इंग्रजांकडे गेला. फर्दापूर निजामाच्या मुलखात, आणि उत्तरेस काही कोसांवर इंग्रजी हद्द, अशी स्थिती झाली. जे गाव एका सलग राजमार्गावरील मुक्काम होते ते आता दोन राज्यांच्या सीमेजवळचे गाव बनले. तहातील कलमे आणि वाटेवरील व्यवहार यांत अंतर होते हे सांगावयास नकोच.

इंग्रजी मुलखात या प्रश्नाची जी पहिली खरीखुरी चौकशी झाली, ती बंगाल इलाख्यात. चार्ल्स ट्रेव्हेलियन या तरुण अधिकाऱ्याने १८३० नंतरच्या दशकात अंतर्गत जकाती व शहरी कर यांवर एक विस्तृत अहवाल लिहिला. चौकशीचा नमुना म्हणून हा अहवाल आजही वाचनीय आहे. आमच्या मते नंतरच्या समित्यांपैकी थोड्याच त्याच्या जवळपास पोचल्या. कराचा दर किती आणि उत्पन्न किती, एवढाच विचार करून ट्रेव्हेलियन थांबला नाही. ‘रवाना’ नावाचा जो परवाना मालाबरोबर असावा लागे, त्याचे प्रत्यक्षात काय होते हे त्याने पाहिले. जकातघर दूर, चौक्या पुष्कळ. रवान्यातील वर्णन आणि गोणीतील माल यांत तिळमात्र फरक आढळला की माल अडकला. व्यापाऱ्याने माल वाटून दोन दिशांना पाठविला की रवान्याचेही तसेच तुकडे करून घेणे आले. चौकीवरील नोकराचा पगार इतका अपुरा की अडवणूक हेच त्याचे खरे वेतन. कापसावर एकदा, त्याच्या सुतावर पुन्हा, सुताच्या कापडावर आणखी एकदा आणि ते कापड रंगविले तर चौथ्यांदा, अशी जकात मिळून शेकडा साडेसतरापर्यंत जाई. सरकारच्या पदरी जे पडे त्याच्या मानाने रयतेचे जे बुडे ते कितीतरी अधिक, हा त्याचा निष्कर्ष होता. बंगालमधील या जकाती १८३६ मध्ये उठल्या. मुंबई इलाख्यातील त्याच दशकाच्या अखेरीस, आणि मद्रासमधील १८४४ मध्ये.

मुंबई इलाख्यातील जकाती उठल्यामुळे खानदेशातील गाडीवान मोकळा झाला. तोच गाडीवान निजामी हद्दीत शिरताना मात्र करोडगिरीच्या अंमलाखाली येई. हैदराबाद संस्थानात जकात खात्यास करोडगिरी असे नाव होते आणि बहुतांश मालावर किमतीच्या शेकडा पाच या प्रमाणात आकारणी होत असे. यामुळे अभ्यासकासाठी एक चमत्कारिक परिस्थिती उत्पन्न झाली. एकाच रस्त्याच्या उत्तर भागावरील अंतर्गत व्यापाराची जकाती नोंद १८४० च्या सुमारास थांबते, आणि दक्षिण भागावरील चालू राहते. केवळ जकातीच्या कागदांवर भिस्त ठेवणाऱ्यास खानदेश ओस पडला आणि मराठवाडा गजबजला असेच वाटावयाचे. वस्तुतः याच सुमारापासून खानदेशात कापसाचे पीक वाढत गेले, आणि १८६० नंतरच्या दशकात आगगाडी जळगाव-भुसावळपर्यंत आल्यावर अजिंठ्याच्या डोंगराखालचा कापूस तिकडे ओढला जाऊ लागला. पुढे, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, पाचोरा-जामनेर ही अरुंद रुळांची शाखा पहूरवरून गेली तेव्हा आगगाडी फर्दापूरच्या अगदी जवळ आली.

करोडगिरीचे कागद वाचणाऱ्या विद्यार्थ्याने आणखी काही अडचणी ओळखून ठेवाव्यात. हे कागद आधी फार्सीत व १८८० नंतरच्या दशकापासून उर्दूत. गाडीवान मराठी बोलणारा. वर्ष फसली, ज्याचा आरंभ हैदराबादेत आजूर महिन्याने, म्हणजे ऑक्टोबरच्या आरंभी होई. इंग्रजी हिशेबाचे वर्ष एप्रिलपासून. रक्कम हाली शिक्क्यात, इंग्रजी रुपयाहून सुमारे सातव्या हिश्श्याने हलक्या. म्हणून घाटाखालचा आणि घाटावरचा आकडा शेजारी शेजारी ठेवण्यापूर्वी तो तीन वेळा पारखून घ्यावा लागतो. ज्या गाडीवानाच्या गाडीवर हा आकडा उभा राहिला त्याला तो कागद वाचताही येत नव्हता, हे येथे सांगितले पाहिजे. कागदात काय लिहिले आहे हे न कळता तो जपून नेणे, हीच त्याच्या वाट्याची साक्षरता.

यानंतरचा एक मोठा फेरविचार वाहतुकीपुरता नव्हता, पण त्याचा उल्लेख टाळता येत नाही. लॉर्ड कर्झन १८९९ मध्ये व्हाइसरॉय होऊन आला तेव्हा सरकारास दरसाल सादर करावयाच्या अहवालांची संख्या सुमारे १,३०० होती. त्याने ती १,००० हून थोड्या अधिक इतकी खाली आणली आणि त्यांतील मजकुराची पृष्ठे निम्म्याहून कमी केली. या कामगिरीचा त्यास अभिमान होता व तो अनाठायी नव्हता. तथापि त्याचा प्रश्न ट्रेव्हेलियनच्या प्रश्नाहून वेगळा होता. अहवाल वाचणाऱ्याचे श्रम कसे वाचतील हे कर्झनने पाहिले. ज्याच्याकडून ती माहिती अखेर गोळा होते, त्याचा वेळ किती मोडतो, हे त्या चौकशीच्या कक्षेत नव्हते. सचिवालयात बसून केलेला आणि चौकीवर जाऊन केलेला, असे फेरविचाराचे हे दोन प्रकार आहेत आणि पुढील काळात पहिल्याचीच परंपरा अधिक चालली.

मोटारगाडी आल्यावर कागदाने नवे रूप घेतले. हैदराबाद संस्थानाने १९३२ मध्ये रेल्वे खात्याच्या जोडीने २७ बसगाड्यांनिशी सरकारी प्रवासी वाहतूक सुरू केली, ती देशातील या प्रकारची पहिली मानली जाते. ब्रिटिश हिंदुस्थानात १९३९ चा मोटार वाहन कायदा आला. त्याच्या ६३ व्या कलमान्वये एका विभागाच्या प्राधिकरणाने दिलेला परवाना दुसऱ्या विभागात प्रतिस्वाक्षरीशिवाय चालत नसे. ही ‘प्रतिस्वाक्षरी’ म्हणजे जुन्या दस्तकावरील दुसरा शिक्काच होय. कराच्या चौकीवर जे होत असे ते आता परवान्याच्या कचेरीत होऊ लागले. वाट अडविण्याचे स्थळ बदलले, कृती तीच राहिली.

स्वातंत्र्यानंतर संस्थानाच्या जकाती एका दिवसात गेल्या नाहीत. राज्यघटनेच्या ३०६ व्या अनुच्छेदाने ‘ब’ वर्गातील राज्यांना, केंद्राशी करार करून, परराज्यातील मालावरील कर जास्तीत जास्त दहा वर्षे चालू ठेवण्याची मुभा दिली होती. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने तो अनुच्छेदच गेला. त्याच वर्षी १ नोव्हेंबर रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि फर्दापूरच्या उत्तरेची हद्द ही केवळ जिल्ह्याची हद्द उरली. जवळजवळ १४० वर्षांनी घाटाच्या दोन्ही बाजू एका राज्यात आल्या. गाडीवानाच्या दृष्टीने हे मोठेच सुख होते. आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने मात्र याच दिवसापासून या घाटातून किती माल गेला याची सीमेवरील नोंद होण्याचे कारण संपले.

आंतरराज्य वाहतुकीच्या परवान्यांचा विचार मिनू मसानी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५९ मध्ये केला व परवाना-पद्धती सैल करण्याचा सल्ला दिला. डॉ. बा. वि. केसकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६७ मध्ये रस्ता-वाहतुकीवरील करांचा अहवाल दिला, त्यात नगरपालिकांची जकात व तिच्या नाक्यांवरील खोळंबा यांवर प्रतिकूल मत नोंदले. राष्ट्रीय परवाना १९७५ मध्ये आला. जकात मात्र चिवट निघाली. मुंबई शहरातील जकात वस्तू व सेवा कराबरोबर, म्हणजे १ जुलै २०१७ रोजी उठली. शिफारस आणि अंमल यांत अर्ध्या शतकाचे अंतर पडले. स्थानिक संस्थांना या उत्पन्नावाचून दुसरा आधार नव्हता हे त्याचे उघड कारण. ते समजण्यासारखे आहे, पण त्याची किंमत ट्रकचालकाने रांगेत उभे राहून दिली.

‘वे-बिल’ हा शब्द मराठी माणसाला एस.टी.च्या वाहकामुळे परिचित झाला. गाडी थांबवून, गुडघ्यावर तक्ता ठेवून, तिकिटांचे क्रमांक उतरविणारा वाहक अनेकांनी पाहिला असेल. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालवाहतुकीस जे ई-वे बिल लागू झाले, त्याने हाच शब्द संगणकावर नेला. त्याची रचना पाहिली असता जुन्या परिचिताची भेट झाल्यासारखे वाटते. ५०,००० रुपयांहून अधिक किमतीच्या मालास ते लागते. महाराष्ट्राच्या आतल्या वाहतुकीस ही मर्यादा जुलै २०१८ पासून १,००,००० रुपये आहे. एका भागात मालाचे वर्णन, दुसऱ्यात वाहनाचा क्रमांक. वाटेत गाडी बदलली की दुसरा भाग पुन्हा भरावयाचा. मुदत अंतरावर अवलंबून: आरंभी दर १०० किलोमीटरला एक दिवस, १ जानेवारी २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक. जळगावहून फर्दापूरमार्गे छत्रपती संभाजीनगर हे सुमारे दीडशे किलोमीटर एका दिवसाच्या मुदतीत बसतात. रवान्याचे तुकडे, दस्तकाची मुदत, गोणीचे वर्णन, सारे येथे आहे. चौकी मात्र दिसत नाही. ती ट्रक निघण्यापूर्वीच, माल पाठविणाऱ्याच्या दुकानात, त्याच्याच हाताने भरली जाते.

यात वाहतूकदाराचा वेळ वाचला हे निःसंशय. रस्त्यावरील मालाची इतकी तपशीलवार नोंद पूर्वीच्या कोणत्याही राजवटीला साधली नव्हती, हेही खरे. प्रश्न तिच्या टिकण्याचा आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील जकातीचे रुमाल सोडून आज दोनशे वर्षांनंतरही एखाद्या नाक्याचा दिवसाचा हिशेब वाचता येतो. चालू कायद्याच्या ३६ व्या कलमान्वये व्यापाऱ्याने आपले हिशेब व कागद वार्षिक विवरणपत्राच्या नियत तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावयाचे आहेत.