१२३४५६७८९८७६५४३२१

सतरा अंकी विषम पूर्णांक. नऊ वेळा १ लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा वर्ग. उलटी वाचली तरी तीच राहते. स्वल्पविराम देऊन : १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. भास्कराचार्यांच्या लीलावतीतील स्थाननामांप्रमाणे हिचा डावीकडचा पहिला १ ‘मध्य’ स्थानी पडतो.

रचना : गुणाकार उभा मांडला की १११११११११ च्या नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. एकंच्या घरात एकच १, दहंच्या घरात दोन, असे चढत नवव्या घरात नऊ १ होतात आणि पुढे उतरत जातात. कोणत्याही घराची बेरीज ९ च्या वर जात नसल्याने हातचा येत नाही. दहा १ घेतले की दहाव्या घरात १० होतात, हातचा शिरतो आणि वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा बिघडतो. हा गुण दशमान लेखनामुळे येतो. अष्टमान लेखनात सात १ ची मजल असते. संख्येचा अद्भुतपणा सांगणारे लेखक हे सहसा सांगत नाहीत.

अवयव : ३⁴ × ३७² × ३३३६६७². एकूण विभाजक ४५. यांपैकी ३३३६६७ ही मूळ संख्या विशेष लक्षणीय आहे : जिच्या व्यस्ताचे आवर्तन नऊ अंकी असते अशी ती एकमेव मूळ संख्या होय. प्रस्तुत संख्या ८१ × १२३४५६७९² अशीही लिहिता येते. १/८१ च्या दशांशात ०१२३४५६७९ हेच अंक पुन्हापुन्हा येतात.

डेम्लो संख्या : डहाणूत जन्मलेले (१९०५) आणि देवळालीत शाळाशिक्षक राहिलेले दत्तात्रय रामचंद्र काप्रेकर यांनी १, १२१, १२३२१ या मालिकेला ‘अद्भुत डेम्लो संख्या’ म्हटले, त्यांचा या विषयावरील लेख १९३८ मध्ये ‘द मॅथेमॅटिक्स स्टुडंट’मध्ये आला. डेम्लो हे जी.आय.पी. रेल्वेवरील स्थानकाचे, बहुधा आजच्या डोंबिवलीचे, नाव असल्याचे सांगतात. डेम्लो संख्येचे डावे व उजवे टोक मिळवले की मधलाच अंक पुन्हापुन्हा येतो : १६५ मध्ये १ + ५ = ६. येथे १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९, आणि मधला अंक ९. अंकांची बेरीज ८१ असून संख्येला ८१ ने निःशेष भाग जातो. म्हणजे काप्रेकरांच्याच व्याख्येने ती हर्षद संख्याही ठरते.

उपयोजन : नोंद घेण्याजोगे नाही.

पडताळा : एक्सेलमध्ये पंधराच सार्थ अंक टिकतात, त्यामुळे हा वर्ग १२३४५६७८९८७६५४३०० असा दिसतो. गुणाकार कागदावर करावा.