कापसाचे ढग

आपल्या उमरखेडात आभाळाकडे पाहणे हा कुणाचा छंद नव्हता, ती गरज होती. त्या वर्षी शाळा उघडली तरी पाऊस नव्हता. भूगोलाच्या सरांनी फळ्यावर मेघांचे प्रकार लिहिले, आपण ते पाठ केले. पण सरांनी पटांगणात नेऊन वर बोट दाखवले, तेव्हा एकालाही ढग ओळखता आला नाही. मग त्यांनी प्रत्येकाला घरून मूठभर कापूस आणायला सांगितले.

सरकी काढून आपण निळ्या पुठ्ठ्यावर खळ लावली. कापूस ओढून बारीक धागे काढले, ते तंतुमेघ. गोळे रचले, ते राशिमेघ. तळहाताने दाबून थर पसरला, तो स्तरमेघ.

ही नावे हाताला इतकी सहज का जमली, ते मला पुढे शिक्षक झाल्यावर कळले. लंडनच्या ल्यूक हॉवर्ड यांनी डिसेंबर १८०२ मध्ये एका व्याख्यानात ढगांना लॅटिन नावे दिली, ती मुळात आकारांचीच आहेत. सिरस म्हणजे केसांची बट, क्युम्युलस म्हणजे ढीग, स्ट्रेटस म्हणजे थर. हॉवर्ड हे काही हवामानखात्यातले नव्हते. त्यांचा धंदा औषधे-रसायनांचा. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीच्या बालवाडीत परिसरातल्या साध्या वस्तूंचीच शैक्षणिक साधने केली. आपल्या परिसरात होता कापूस!

त्या तासाला मागच्या बाकावरून आपल्या एका मित्राने विचारले, "सर, यातला पावसाचा कोणता?" कुणीतरी लगेच कापसाला कोळसा फासू लागला. सरांनी त्याला थांबवले. कापसाचा पातळ पापुद्रा खिडकीच्या उजेडात धरला, नंतर जाड गोळा. पापुद्र्यातून उजेड आला. गोळा काळपट दिसला. "ढग काळा नसतो रे. जाड असला की उजेड अडतो, म्हणून तसा दिसतो."

विचारणारा गप्पच होता. आभाळ भरून आले म्हणून त्याच्या वडिलांनी आठवड्यापूर्वी पऱ्हाटी पेरली होती. बियाणे मातीतच गेले. दुबार पेरणीत घरचा पैसा संपला आणि पुढच्या वर्षी तो वर्गात दिसला नाही. ढगांची नावे ठाऊक असती तर ती पेरणी वाचली असती, असे मी म्हणणार नाही. पण त्या वर्गात ढगाचे खरे काम त्यालाच माहीत होते.

नोकरीभर मी कापसाचा तास घेतला. पुठ्ठे भरले की मुलांना पटांगणात न्यायचो आणि त्याचाच प्रश्न विचारायचो, "सांगा, यातला पावसाचा कोणता?"