बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, असें आपल्याकडे म्हणतात. आमच्या वेळापूर-माळशिरसच्या बाजूला वडीलधाऱ्यांच्या तोंडीं हें वाक्य नेहमीं असतें. आणि त्यांतहि फौजदारी वकिलाकडे लोक जरा अधिकच संशयानें पाहतात. ज्याच्यावर आळ आला आहे त्याचीच बाजू हा गृहस्थ घेतो, तेव्हां त्याला सत्याची चाड ती कितीशी असणार, असा हा संशय. श्रोतेहो, आरोपीच्या बाजूनें उभें राहणें ही देशसेवा कशी होऊं शकते, हें दाखविणाऱ्या एका बॅरिस्टराची हकीगत आज मी आपणांस सांगणार आहें.

जोसेफ बॅप्टिस्टा यांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजीं मुंबईंत, माझगांवच्या माथारपाखाडींत झाला. घराणें मूळचें उत्तनचें, धर्मानें ख्रिस्ती. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्यें ते एंजिनियरिंग शिकले व कांहीं काळ त्यांनीं जंगलखात्यांत नोकरीहि केली. पुढें ते विलायतेस गेले, १८९९ मध्यें केंब्रिजचे पदवीधर झाले आणि बॅरिस्टर होऊन परतले. १९०१ सालीं ते मुंबईच्या म्युनिसिपल कॉर्पोरेशनांत निवडून गेले. मुंबईकर त्यांना आपुलकीनें ‘काका’ म्हणूं लागले, व तेंच नांव पुढें रूढ झालें.

त्यांच्या वकिलीची खरी कसोटी १९०८ सालीं लागली. मुजफ्फरपूरच्या बाँबस्फोटानंतर ‘केसरी’त आलेल्या लेखांवरून २४ जून रोजीं लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखालीं अटक झाली. जामिनाचा अर्ज मि. जिना यांनीं चालविला. तो फेटाळला गेला. मग सरकारपक्षानें खास ज्यूरीची मागणी केली. तिला विरोध करण्यास बॅप्टिस्टा उभे राहिले. त्यांचा मुद्दा साधा होता. ज्या लेखांबद्दल खटला आहे ते मराठींत आहेत. खास ज्यूरींत भरणा होणार तो युरोपियनांचा, आणि त्यांना मराठी येत नाहीं. ज्यानें लेख वाचलाच नाहीं, त्यानें लेखकाचा हेतु कसा ठरवावा? न्यायमूर्ति दावर यांनीं हें म्हणणें मान्य केलें नाहीं. हेच दावर १८९७ सालीं वकील या नात्यानें टिळकांच्या बाजूनें उभे राहिले होते, हा दैवाचा विलक्षण खेळ म्हणावयाचा!

ज्यूरींत सात युरोपियन व दोन पारशी गृहस्थ बसले. टिळकांनीं आपली बाजू स्वतःच मांडली. एकवीस तासांहून अधिक काळ ते बोलत होते. २२ जुलैच्या रात्रीं सात विरुद्ध दोन मतांनीं ते दोषी ठरले. सहा वर्षें काळें पाणी व एक हजार रुपये दंड अशी शिक्षा झाली. गिरणीकामगारांनीं शिक्षेच्या दर वर्षामागें एक दिवस, असा सहा दिवस संप पाळला.

दोन वर्षांनीं नाशिक कटाच्या खटल्यांत विनायक दामोदर सावरकरांचा बचाव करणाऱ्या वकिलांतहि बॅप्टिस्टा होते. या वेळीं तर ज्यूरीच नव्हती. तीन न्यायमूर्तींचें खास कोर्ट, आणि त्याच्या निकालावर अपील नाहीं. सावरकरांना डिसेंबर १९१० मध्यें एक व जानेवारी १९११ मध्यें दुसरी जन्मठेप झाली.

दोन मोठे खटले, आणि दोहोंतहि हार. अशा प्रसंगीं एखादा वकील निराश होऊन आपल्या पैशाच्या कामाला लागला असता. बॅप्टिस्टांनीं निराळा धडा घेतला. देशाची मागणी कायद्याच्या कोणत्या शब्दाखालीं चिरडली जाते, हें त्यांनीं अगदीं जवळून पाहिलें होतें. तेव्हां ती मागणी अशा शब्दांत मांडावी कीं तोच कायदा तिला हात लावूं शकणार नाहीं, हा विचार त्यांच्या पुढच्या राजकारणांत स्पष्ट दिसतो. आयर्लंडची होमरूलची चळवळ त्यांच्या डोळ्यांपुढें होती. राजा बदलावयाचा नाहीं, कारभार मात्र आमच्या हातीं द्या, असें म्हणणें हा राजद्रोह कसा ठरणार? १९१५ सालीं पुण्यास भरलेल्या प्रांतिक परिषदेचे ते अध्यक्ष होते. २८ एप्रिल १९१६ रोजीं बेळगांवीं होमरूल लीग स्थापन झाली तेव्हां तिचे अध्यक्षहि तेच झाले. टिळकांनीं स्वतः कोणतेंच पद घेतलें नाहीं.

सरकारनें या युक्तीची परीक्षा लगेच घेतली. बेळगांव व अहमदनगर येथील होमरूलवरील व्याख्यानांबद्दल टिळकांकडून वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीसाठीं वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागण्यांत आले. परंतु ९ नोव्हेंबर १९१६ रोजीं न्यायमूर्ति बॅचलर व शहा यांनीं हा हुकूम रद्द केला. ज्या कोर्टानें आठ वर्षांपूर्वीं टिळकांना मंडालेस धाडलें, त्याच कोर्टांत आतां स्वराज्याची मागणी निभावली. या मार्गाला एक मर्यादा होती, हें कबूल केलें पाहिजे: साम्राज्याच्या चौकटीबाहेर तो जात नव्हता. पण ज्या काळीं गांवोगांवच्या माणसाला स्वराज्य हा शब्द उघड उच्चारण्याचीहि धास्ती होती, त्या काळीं ही धास्ती मोडणें हें लहान काम नव्हे.

१९१७ सालीं लीगच्या कार्यासाठीं ते विलायतेस गेले व तेथील मजूरपक्षाची सहानुभूति मिळविण्याच्या खटपटीस लागले. परतल्यावर कामगारांची बाजू त्यांनीं तितक्याच जिव्हाळ्यानें घेतली. ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसचें पहिलें अधिवेशन १९२० सालीं मुंबईस लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखालीं भरलें. पुढच्या वर्षीं झरियाच्या दुसऱ्या अधिवेशनाचे अध्यक्ष बॅप्टिस्टा होते. १९०८ सालीं ज्या कामगारांनीं त्यांच्या अशिलासाठीं सहा दिवसांची मजुरी सोडली, त्यांचें वकीलपत्र आतां त्यांनीं घेतलें, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. त्याच सुमारास नव्या पक्षाचें मुखपत्र चालविण्यासाठीं त्यांनीं अरविंद घोष यांना पाँडिचेरीहून बोलाविलें होतें. अरविंदांनीं जानेवारी १९२० च्या पत्रानें नम्रपणें नकार कळविला. टिळकांच्या मृत्यूनंतर राजकारणाचें वारें फिरलें. कोर्टें आणि कौन्सिलें यांवर बहिष्कार पुकारणारी असहकारिता या जुन्या बॅरिस्टराला मानवली नाहीं, आणि गर्दी त्यांच्यापासून दूर गेली. मुंबई शहराला मात्र त्यांचा विसर पडला नव्हता; १९२५ सालीं ते म्युनिसिपल कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले. १८ सप्टेंबर १९३० रोजीं ते वारले. शिवडीच्या दफनभूमींत त्यांची समाधि आहे, आणि माझगांवच्या टेकडीवरील उद्यानाला त्यांचें नांव दिलें आहे.

एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. बॅप्टिस्टा ख्रिस्ती होते. राज्यकर्त्यांच्या धर्माचे असल्यामुळें त्यांना स्वस्थ बसणें सोपें होतें. पण टिळक किंवा सावरकर यांचें वकीलपत्र घेतांना धर्म त्यांच्या आड आला नाहीं. सरकारचा रोष ज्याच्यावर आहे, त्यालाहि आपली बाजू मांडणारा कोणीतरी असलाच पाहिजे, एवढें एकच तत्त्व त्यांनीं कोर्टांत, कॉर्पोरेशनांत व कामगारांच्या सभेंत पाळलें. कोर्टाची पायरी चढणाऱ्या शहाण्यांत या माणसाची गणना आपण अवश्य केली पाहिजे.