तबकडीवरचा इतिहास

रत्नागिरी जिल्ह्याच्या चलच्चित्र-स्मृतीचा आरंभ एका हरवलेल्या चित्रपटापाशी होतो. दापोली तालुक्यातील मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. १९०१ साली ते मायदेशी परतले, तेव्हा मुंबईत झालेले त्यांचे स्वागत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादांनी चित्रित केले. तो चित्रपट आज उपलब्ध नाही. हयात आहे ती त्याची नोंद, आणि ती कागदावर आहे.

पुढे शतकभराने चित्रण घरोघरी पोहोचले. व्हीसीडीचे मानक १९९३ साली ठरले आणि त्यानंतरच्या दीड दशकात कोकणातील लग्ने, मुंजी, गणपती, शिमगा हे सारे तबकड्यांवर उतरले. फितीला बुरशी लागते, सीडीला काही होत नाही, अशी त्या काळची समजूत होती. ती खरी ठरली नाही. कारखान्यात छापलेल्या सीडीत मजकुराचे खळगे प्लॅस्टिकमध्येच कोरलेले असतात. स्टुडिओत किंवा घरी 'बर्न' केलेल्या सीडीत मात्र तो सेंद्रिय रंगाच्या थरात असतो. ऊन आणि उष्णता यांनी हा रंग विटतो. त्यावरील धातूच्या पातळ थराला केवळ लाखेसारख्या लेपाचे संरक्षण असते. लेबल ओरबाडले गेले की दमट हवा धातूपर्यंत पोहोचते. आणि रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो.

या नाशाची रीतही निराळी आहे. कसर लागलेल्या बाडाचा उरलेला भाग वाचता येतो. सीडीत चुका भरून काढण्याची गणिती सोय असल्यामुळे बिघाड वाढत असूनही बराच काळ दिसत नाही. मात्र मध्याजवळची अनुक्रमणिका वाचता आली नाही, की पुढचे चित्रण शाबूत असूनही पडदा कोराच राहतो.

यात हानी केवळ कौटुंबिक आठवणींची नाही. मंगलाष्टके सर्वत्र सारखीच. परंतु मांडवातील संगमेश्वरी बोली, गाऱ्हाण्याचा सूर, अंगणातली जाखडी, नमन-खेळ्यांतील सोंगे, हे सारे त्या कॅमेऱ्याने सहज टिपले. बोलीच्या अभ्यासकाला याहून निर्व्याज साधन क्वचितच मिळेल, कारण बोलणाऱ्यांना आपली भाषा नोंदली जात असल्याचे भानही नव्हते.

ज्ञानेश्वरीची मूळ प्रत आपल्याकडे नाही. ग्रंथ टिकला तो नकला होत राहिल्यामुळे. त्या नकलांत शिरलेले अपपाठ काढून एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली. तबकडीवरील चित्रणालाही नकलेवाचून तरणोपाय नाही. जी अजून चालते तिच्या दोन प्रती आताच हार्डडिस्कवर घ्याव्यात. एक रत्नागिरीत ठेवावी, दुसरी मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांकडे. सोबत गाव, वर्ष, प्रसंग आणि दिसणाऱ्या माणसांची नावे कागदावर लिहावीत. ती नावे सांगू शकणारी वडीलधारी माणसे आज घरात आहेत.